जिन्याजवळचं घर

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांत एकदम गर्दी उसळली. आघाडीवरून परतलेल्या तरुणांना सरकारी खर्चाने शिकायची सोय झाली होती. त्यातल्या बऱ्याच जणांची लग्नं झालेली, काहींच्या कडेवर मुलं. बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज गावातल्या एमआयटी या संस्थेने अशा विद्यार्थ्यांसाठी दोन वसाहती उभ्या केल्या. एक वेस्टगेट, दुसरी वेस्टगेट वेस्ट. दुसरीत १७ दुमजली इमारती होत्या, प्रत्येकीत खाली पाच आणि वर पाच बिऱ्हाडं. घर पसंत करायची मुभा कुणालाच नव्हती. जागा रिकामी झाली की यादीत ज्याचा नंबर पुढे, त्याला ती मिळायची.

लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक हे तिघं या वसाहतींचा अभ्यास करायला गेले. तिघंही तेव्हा तिशीच्या आतले. त्यांनी रहिवाशांना एक अगदी साधा प्रश्न विचारला: इथल्या कोणत्या तिघांकडे तुमचं सगळ्यात जास्त जाणं-येणं आहे? मिळालेली नावं त्यांनी इमारतीच्या नकाशावर मांडली आणि त्यातून जे दिसलं, ते १९५० साली पुस्तकरूपाने छापून आलं. आज पाऊण शतक उलटलं, तरी ते आकडे वाचताना मला दर वेळी थांबावंसं वाटतं.

एका मजल्यावरच्या लगतच्या दोन दारांमध्ये साधारण १९ फुटांचं अंतर होतं. लगतच्या शेजाऱ्यांचा हिशेब केला, तर शंभरातल्या ४१ वेळा एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं होतं. मध्ये एक दार आलं की हा आकडा २२ वर उतरला. दोन दारं आली की १६. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये तो जेमतेम १० उरला. आणि ही दोन टोकं एकमेकांपासून किती लांब? शंभर फुटांच्या आत. दहा-पंधरा सेकंदांत चालून जावं एवढं.

सगळे साधारण एकाच वयाचे, एकाच संस्थेत शिकणारे, एकसारख्या घरांत राहणारे. पाचव्या दारातला माणूस पहिल्या दारातल्यापेक्षा कमी चांगला होता, असं मानायला काहीच आधार नाही. तरी मैत्रीची शक्यता चौपट कमी. आपण मित्र कसा निवडला असं कुणी विचारलं, तर आपण त्याचा स्वभाव सांगतो, त्याची विनोदबुद्धी सांगतो, अडीअडचणीला धावून येण्याची त्याची वृत्ती सांगतो. त्याचं दार आपल्या दारापासून १९ फुटांवर होतं, हे कुणी सांगत नाही. बहुतेकांना ते ठाऊकही नसतं.

याहून नवलाची गोष्ट जिन्याची आहे. वरच्या मजल्यावरच्यांना येता-जाता तळमजल्यावरच्या ठरावीक दारांवरून जावं लागायचं, कारण जिने त्या दारांपाशी उतरत होते. टपालपेट्याही तिथेच एका बाजूला होत्या. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या या कुटुंबांचे वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त मित्र निघाले. त्यांनी त्यासाठी वेगळं काही केलं नव्हतं. जिना बांधणाऱ्याने त्यांच्या वतीने ते आधीच करून ठेवलं होतं. वेस्टगेट या शेजारच्या वसाहतीत छोटी स्वतंत्र घरं होती, मधल्या हिरवळीभोवती इंग्रजी यू अक्षरासारखी मांडलेली. त्यातली कडेची काही घरं अंगणाकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभी होती. त्या घरांतल्या लोकांना वसाहतीत इतरांच्या निम्म्याहूनही कमी मित्र मिळाले. आरेखकाने नकाशावर घराचं तोंड फिरवलं आणि आत राहणाऱ्या माणसांच्या संध्याकाळी बदलून गेल्या.

गिरगाव किंवा लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला यातलं तत्त्व समजावून सांगायची गरज नाही. सामाईक गॅलरी, सामाईक नळ, सगळ्यांच्या पायाखालचा एकच जिना. मला अप्रूप वाटतं ते या गोष्टीचं, की केवळ फूटपट्टी आणि एक प्रश्न घेऊन तीन तरुणांनी ही गोष्ट मोजून दाखवली.

हे एका वसाहतीपुरतं नव्हतं. त्याआधी, १९३२ साली, जेम्स बॉसार्ड या समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया शहरातले विवाहाचे ५,००० परवाने तपासले होते. जवळजवळ एक तृतीयांश जोडपी लग्नाआधी एकमेकांपासून पाच चौकांच्या आत राहत होती. एवढं मोठं शहर, आणि जन्माचा जोडीदार मिळाला तो शेजारच्या आळीत. १९७४ साली मेडी सीगल यांनी मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातल्या उमेदवारांचा अभ्यास केला. तिथे खोल्या आणि वर्गातल्या जागा आडनावाच्या वर्णक्रमाने दिल्या जात. जवळच्या मित्रांची नावं विचारल्यावर पुढे आली ती वर्णक्रमात मागे-पुढे असलेल्यांची. धर्म, वय, विवाहित की अविवाहित, या सगळ्यापेक्षा आडनावाच्या आद्याक्षरावरून मैत्रीचा अंदाज जास्त चांगला बांधता येत होता.

नुसतं जवळ असल्याने एवढं काय घडतं? या प्रश्नाचा सगळ्यात सुंदर पाठपुरावा रॉबर्ट झायॉन्स यांनी केला. ते मूळचे पोलंडमधल्या वूच शहरातले. १९३९ मध्ये वॉर्सावर बाँब पडले, त्यात त्यांचे आई-वडील गेले आणि ते स्वतः जबर जखमी झाले. तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पुढे ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आले. १९६८ साली त्यांनी जे दाखवून दिलं, ते एका ओळीत सांगता येतं: एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली, तरी ती आवडू लागते. तिच्याकडून काही मिळावं लागत नाही. ती समजावीही लागत नाही.

त्यांचा एक प्रयोग माझ्या विशेष आवडीचा आहे. मिशिगनमधल्या दोन विद्यापीठांच्या वर्तमानपत्रांत रोज एका चौकटीत एक परका शब्द छापून येऊ लागला. ‘कादिर्गा’, ‘नान्सोमा’ असे तुर्की वळणाचे शब्द. सोबत अर्थ नाही, खुलासा नाही, जाहिरात कसली तेही नाही. काही शब्द एकदाच आले, काही पुन्हा पुन्हा. काही आठवड्यांनी वाचकांना विचारलं, की या शब्दांचा अर्थ चांगला असेल की वाईट? जो शब्द जास्त वेळा छापला होता, त्याचा अर्थ लोकांना जास्त चांगला वाटला. एका विद्यापीठात जे शब्द वारंवार आले, ते दुसऱ्यात क्वचित छापले होते, त्यामुळे शब्दाच्या नादात काही गोडवा असेल ही शंकाही फिटली.

माणसांच्या बाबतीतही हेच होतं का, हे पाहायला १९९२ साली पिट्सबर्ग विद्यापीठात एक फार नाजूक प्रयोग झाला. दिसायला साधारण सारख्या अशा चार तरुणी निवडल्या. त्यातली एक एका मोठ्या वर्गात सत्रभरात पंधरा वेळा येऊन बसली, दुसरी दहा वेळा, तिसरी पाच वेळा, चौथी एकदाही नाही. कुणाशी बोलायचं नाही, असं त्यांना बजावलं होतं. यायचं, पुढच्या बाजूला सगळ्यांना दिसेल असं बसायचं, तास संपला की निघून जायचं. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींची छायाचित्रं दाखवली. या मुलीला आपण पाहिलं आहे, असं सांगणारे थोडेच होते. पण जी जास्त वेळा आली होती, ती जास्त आवडली, जास्त आकर्षक वाटली, आपल्यासारखीच असेल असंही वाटलं. ओळख पटली नव्हती तरी ओढ निर्माण झाली होती.

प्रयोगशाळेत हे टोकाला नेऊन पाहिलं गेलं. १९८० साली झायॉन्स आणि विल्यम कुन्स्ट-विल्सन यांनी लोकांना वेड्यावाकड्या बहुकोनी आकृत्या सेकंदाच्या हजाराव्या भागापुरत्या दाखवल्या. नंतर प्रत्येक आकृतीशेजारी एक नवी आकृती ठेवून विचारलं, यातली आधी पाहिलेली कोणती? ४८ टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. मग विचारलं, यातली आवडते कोणती? ६० टक्के वेळा लोकांनी आधी दाखवलेलीवर बोट ठेवलं. आठवण काहीच सांगत नव्हती, तरी पसंती खूण पटवत होती.

हे स्वतःच्या चेहऱ्यावरही पाहता येतं. तुम्ही डाव्या नाकपुडीत चमकी घालत असाल, तर आरशात ती तुमच्या डाव्या हाताला दिसते. छायाचित्रात मात्र ती समोरच्या प्रतिमेत उजवीकडे जाते. भांग फिरतो, गालावरचा तीळ बाजू बदलतो, एका बाजूला किंचित जास्त उमटणारं हसू दुसऱ्या बाजूला जातं. आपण आयुष्यभर स्वतःला आरशातलं पाहतो, बाकी सगळे आपल्याला छायाचित्रातल्यासारखं पाहतात. १९७७ साली विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी तरुणींच्या छायाचित्राच्या दोन प्रती काढल्या, एक सरळ आणि एक उलटवलेली. स्वतःला बहुतेकींनी उलटवलेली, म्हणजे आरशातली प्रत पसंत केली. त्यांच्या मैत्रिणींनी सरळ प्रत निवडली. चेहरा एकच, आणि तो कुणाला कसा आवडतो हे सवयीवर ठरतं. ‘माझे फोटो चांगले येत नाहीत’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हा प्रयोग सांगावासा वाटतो.

असं का होत असावं? झायॉन्स यांचं म्हणणं असं, की नवी गोष्ट कोणत्याही जिवाला आधी सावध करते. ती पुन्हा पुन्हा समोर आली आणि काही वाईट घडलं नाही, की सावधपणा ओसरतो, आणि ते ओसरणंच सुखद असतं. दुसरं एक स्पष्टीकरण आहे: ओळखीची गोष्ट मेंदूला कमी कष्टात उमगते, आणि उमगण्याची ती सहजता आपण त्या गोष्टीच्याच खात्यात जमा करतो. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

पण जवळीक फक्त गोडवाच वाढवते, असं मानलं तर घोर फसगत होईल. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलात संशोधकांनी लोकांना आवडत्या शेजाऱ्यांबरोबर नावडत्यांबद्दलही विचारलं. आवडते जवळ राहत होतेच. नावडते तर त्याहूनही जवळ राहत होते. हे पटण्यासारखं आहे. ज्याच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत नाही, ज्याची गाडी आपल्या जागेत उभी राहत नाही, त्याच्याशी भांडण तरी कशावरून होणार? शेजार मैत्री देत नाही, संधी देतो. आणि संधी दोन्ही बाजूंनी उघडी असते.

संधी मिळाल्यावर पुढे काय होतं, हे थिओडोर न्यूकम यांनी अॅन आर्बरमधल्या एका घरात जवळून पाहिलं. १९५४ साली त्यांनी एकमेकांना अजिबात न ओळखणारे १७ विद्यार्थी फुकट राहायला ठेवले. बदल्यात दर आठवड्याला काही तास प्रश्नावल्या भरायच्या. पुढच्या वर्षी नवे १७ आणून पुन्हा तेच केलं. कुणाची मतं काय आहेत याची नोंद ते येण्यापूर्वीच करून ठेवलेली होती. सुरुवातीच्या आठवड्यांत जमलं ते खोलीतल्यांशी आणि जवळच्यांशी. मग हळूहळू गट मोडले, नवे जुळले. सत्र सरत आलं तेव्हा ज्यांची मतं आधीपासून जुळत होती, ते एकत्र आले होते. पहिली बैठक जिना ठरवतो, आणि उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं की नाही हे मन ठरवतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

आकर्षणाच्या मानसशास्त्रात सगळ्यात जास्त सांगितला जातो तो प्रयोग पुलाचा. व्हँकूव्हरजवळ कॅपिलानो नदीवर दरीत लोंबकळणारा झुलता पूल आहे, खाली २३० फूट खोल दरी. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर अॅरन यांनी तिथे एका तरुणीला पुरुषांची मुलाखत घ्यायला उभं केलं आणि तिने शेवटी आपला फोन नंबर दिला. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी तिला नंतर फोन केला. जवळच्याच भक्कम, ठेंगण्या पुलावरच्या १६ जणांपैकी फक्त दोघांनी. भीतीने धडधडणारं काळीज प्रेमाने धडधडतं आहे असं मनाने मानलं, असा त्याचा अर्थ लावला गेला. गोष्ट मोहक आहे, पण माणसं मोजकी आहेत. पुढे १९८१ साली धावण्याच्या व्यायामाने छाती धडधडवून पाहिलं, तेव्हा असं दिसलं, की आकर्षक वाटणारी व्यक्ती जास्त आवडते खरी, पण न आवडणारी आणखीच नावडती होते. म्हणजे धडधड रुची निर्माण करत नाही, असलेल्या रुचीचा आवाज वाढवते. चित्रपटाला पूल हवा. मला मात्र १९ फुटांचा व्हरांडा जास्त थक्क करतो.

त्याच अॅरन यांचं १९९७ सालचं काम मला पुलाहून कितीतरी मोलाचं वाटतं. अनोळखी माणसांच्या जोड्या पाऊण तास समोरासमोर बसवल्या आणि त्यांच्या हाती ३६ प्रश्न दिले. दोघांनीही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचं. सुरुवातीचे प्रश्न सोपे: जेवायला कुणाला बोलावायला आवडेल, फोन करण्यापूर्वी काय बोलायचं याची मनात उजळणी करता का. मग एकेक पायरी खाली: आईशी नातं कसं आहे, दुसऱ्यासमोर शेवटचं कधी रडलात. तेवढाच वेळ इकडच्या-तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्या एकमेकांच्या जास्त जवळ आल्या. विशेष म्हणजे महत्त्वाच्या बाबींवर मतं जुळणाऱ्यांना एकत्र बसवलं काय किंवा न जुळणाऱ्यांना, त्या पाऊण तासात फारसा फरक पडला नाही. एकाने एक पायरी उतरायची आणि दुसऱ्याने त्याला एकटं न ठेवता स्वतः तेवढंच उतरायचं, ही देवघेव काम करत होती.

अर्थात, पाऊण तासातली जवळीक म्हणजे मैत्री नव्हे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली तोही हिशेब मांडला. नव्या गावी राहायला आलेल्या लोकांना आणि नव्या विद्यार्थ्यांना विचारून त्यांनी काढलेला अंदाज असा: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, चांगली मैत्री व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. कामानिमित्त एकत्र घालवलेले तास यात फार कमी भर घालतात. भर पडते ती एकत्र रिकामं बसण्याने, थट्टामस्करीने, मनातलं बोलण्याने.

तासांची ही गोष्ट निघाली की आपल्याकडच्या ठरवून होणाऱ्या लग्नांचा विषय येणारच. जयपूरमध्ये उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभर सांगितला जातो. ५० जोडप्यांना प्रेम मोजणारी प्रश्नावली दिली होती. प्रेमविवाहात सुरुवातीचे आकडे वर होते, पण लग्नाला जास्त वर्षं झालेल्यांत ते उतरलेले होते. ठरवून झालेल्या लग्नांत उलटं: नव्या जोडप्यांत कमी, जुन्यांत जास्त. यावरून ठरवून केलेलं लग्नच बरं, असा निकाल काही जण देऊन टाकतात, तो मला मान्य नाही. तीच जोडपी वर्षानुवर्षं तपासलेली नव्हती, वेगवेगळ्या मुदतीची जोडपी एकमेकांशेजारी ठेवलेली होती, आणि संख्याही लहान. २०१२ साली अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या लोकांत असाच शोध घेतला, तेव्हा दोन्ही प्रकारांत काही फरक आढळला नाही. पण त्यातूनही एक गोष्ट उरतेच, आणि ती लहान नाही. जवळजवळ अनोळखी माणसाबरोबर सुरू झालेल्या सहवासातून, स्वतः निवडलेल्याइतकं प्रेम उगवू शकतं.

आता शेवटची गोष्ट, मला स्वतःला सगळ्यात अद्भुत वाटणारी. १९८६ साली रेबेका कर्टिस आणि किम मिलर यांनी अनोळखी लोकांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकालाच बाजूला घेऊन सांगितलं, की समोरच्याला तुम्ही आवडलात. काहींना सांगितलं, की आवडला नाहीत. दोन्ही माहिती बनावट होती. मग दोघांना पुन्हा बोलायला बसवलं. आपण आवडलो असं ज्यांना वाटत होतं ते मोकळेपणाने स्वतःबद्दल बोलले, कमी वाद घातला, त्यांच्या आवाजात आपुलकी आली. परिणामी समोरच्याला, ज्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ते खरोखरच जास्त आवडले.

आणि बहुतेक वेळा आपण नेमकं उलटं मानून चालतो. २०१८ साली एरिका बूथबी, गस कूनी, जिलियन सँडस्ट्रॉम आणि मार्गारेट क्लार्क यांनी अनोळखी लोकांना पाच मिनिटं गप्पा मारू दिल्या आणि दोघांना वेगवेगळं विचारलं: तुम्हाला तो किती आवडला, आणि त्याला तुम्ही किती आवडलात असं वाटतं? सरासरीने दोघांनाही आपण समोरच्याला कमी आवडलो असं वाटत होतं. गप्पांचं चित्रीकरण पाहणाऱ्या तिऱ्हाइतांना आवडल्याच्या खुणा दिसत होत्या. बोलणाऱ्या दोघांना मात्र त्या वाचता येत नव्हत्या, कारण आपण काय बोललो, कुठे अडखळलो, हेच ते मनात उगाळत होते. वसतिगृहात नव्याने एकत्र राहायला आलेल्या विद्यार्थ्यांवरही हेच तपासून पाहिलं. ते रोज एकमेकांना दिसत होते, एकाच दारातून ये-जा करत होते, तरी तो गैरसमज कित्येक महिने टिकून राहिला.